चार बोटं दोरा

वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं. ते तीन आठवड्यांवर आलं होतं, घरात नव्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि आई कितीतरी महिन्यांनी स्वयंपाक करताना पुन्हा गुणगुणायला लागली होती. अशा एका दुपारी दुकानवाली, त्यांचा माल विकणारी आणि आता धाकटीची होणारी सासू, दार न ठोठावता आत आली आणि काखेतलं गाठोडं तिनं टेबलावर सोडलं.

"उलगडा," ती म्हणाली. "उलगडून बघा काय दिवे लावलेत ते."

आईनं गाठ सोडली. आतून पलंगपोस निघाला. पांढऱ्या सुती दोऱ्याचा, क्रोशाचा, एकशे ब्याण्णव चौकोन एकमेकांना जोडून केलेला. पाच आठवड्यांपूर्वी तो ह्याच घरातून गेला होता तेव्हा त्याच्याकडे बघत राहावं असा दिसत होता. गिऱ्हाईकानं तो एकदाच कोमट पाण्यातून काढला, आणि आता जागोजागी चौकोनांची पोटं फुटली होती. मधल्या गोलाचं भोक मुठीएवढं झालेलं, कडेचे टाके एकामागून एक सुटलेले, आणि त्या भगदाडांच्या काठांवर दोऱ्याची आखूड टोकं बाहेर डोकावत होती.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी हातातली सुई तशीच धरून उभी राहिली. आणि थोरली... थोरलीनं मान खाली घातली, कारण हे होणार हे ह्या घरात तिला एकटीला आधीपासून ठाऊक होतं.

दोघी बहिणींचं काम वाटलेलं होतं. धाकटी विणायची. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, दोराच आपणहून सुईवर उड्या मारतोय. थोरली तिच्याहून सात वर्षांनी मोठी. वडिलांच्या लांबलेल्या आजारात तिची लग्नाची वर्षं निघून गेली होती. तिच्याकडे फिनिशिंग. दुकानात नाव व्हायचं ते विणणारीचं, आणि थोरलीला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण विणलेलं काम आणि पुरं झालेलं काम ह्यांत किती अंतर असतं ते तिलाच माहीत. चौकोन सुईवरून उतरतो तेव्हा तो चौकोन नसतोच मुळी. कानकोपरे मुडपलेला, वाकडातिकडा असा काहीतरी असतो. त्याला ओला करायचा, फळीवर मापाच्या रेघा मारून त्यावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी चारी कोपरे ताणून बसवायचा, सावलीत वाळू द्यायचा, हलकी खळ द्यायची. इस्त्री टेकवायची नाही, नुसती वाफ दाखवायची. आणि त्या सगळ्याच्या आधी टोकं लपवायची. प्रत्येक चौकोनाला दोन टोकं, एक सुरुवातीचं, एक शेवटचं. बोथट सुईत ओवून ते टाक्यांच्या पोटातून पुढे न्यायचं, मग एक टाका सोडून मागे, मग पुन्हा पुढे. दोन वळणं घेतलेला दोरा जन्मात माघारी येत नाही. पण त्यासाठी विणणारीनं चार बोटं दोरा सोडावा लागतो. कापताना हाताची चार बोटं आडवी लावायची आणि मग कात्री चालवायची, हा त्या घरातला नियम होता, आईनं दोघींना शिकवलेला.

लग्न ठरलं आणि धाकटीची बोटं त्या नियमातून सुटली. पहिले शंभर चौकोन नीट झाले होते. नंतरचे ब्याण्णव तिनं दुसऱ्या, किंचित पिवळसर दोऱ्याच्या लडीतून विणले, पाहुण्यांच्या गप्पांत, कपड्यांच्या खरेदीतून आल्या आल्या, हसत, मान वाकडी करून दोरा दातानं तोडत. ती तिची लहानपणची खोड. थोरलीच्या हातात ते चौकोन आले तेव्हा टोकं नखाएवढी होती. सुईच्या नाकात जाणार नाहीत एवढी.

परवा माल द्यायचा होता. थोरलीनं धाकटीला हाक मारायला तोंड उघडलंही होतं. पण पलीकडच्या खोलीत धाकटी नवी साडी अंगावर धरून आरशात बघत होती आणि आईला विचारत होती, "आई, मी खरंच बरी दिसते का गं, का तू आपलं आईपणानं म्हणतेस?" आणि आई हसत होती. वडील गेल्यापासून त्या घरात असं हसू उमटलंच नव्हतं. थोरलीच्या जिवावर आलं. तिनं नुसती सुई आधी टाक्यांतून खुपसून, मग ते नखभर टोक तिच्या नाकात कसंबसं अडकवून ओढून घेतलं. एकेका टोकाला पाच-पाच मिनिटं. ते एकदाच पुढे जायचं. वळणाला दोरा उरायचाच नाही. वरून सगळं सुरेख दिसत होतं. पण पहिल्या धुण्यात ते तग धरणार नाही हे तिला कळत होतं, आणि कळूनही तिनं घडी घालून, चिठ्ठी लावून ते दिलं. एवढा तिचा अपराध होता. तो तिनं पुढं कधीही नाकारला नाही.

आता दुकानवालीनं एक सुटलेलं टोक चिमटीत धरलं, खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी आणून बराच वेळ बघितलं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "हे कुणाच्या हातचं? माझ्या पोराला मुली पुष्कळ सांगून येत होत्या. मी तुमच्या घरी आले ती हिच्या हाताकडे बघून. हातच असा असेल तर मला चार वेळा विचार करावा लागेल."

आईनं टेबलाची कड धरली. ते थोरलीनं पाहिलं. धाकटी काहीतरी बोलणार होती, तिच्या ओठांवर काय होतं ते कुणास ठाऊक, पण त्याआधी थोरली म्हणाली, "टोकं मी कापली, काकू. धाकटीनं लांब सोडली होती. मीच बारीक कापली."

"का?"

ह्या प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती. ती गप्प राहिली. गप्प राहणाऱ्याच्या तोंडात लोक आपले शब्द घालतात. दुकानवालीनं तिला खालून वर पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "तरी म्हटलं. घरात एक बिनलग्नाची असली की धाकटीच्या सुखाला नख लागतंच."

थोरलीला वाटलं, आता धाकटी बोलेल. माझी ताई अशी नाही, एवढंच म्हणेल.

धाकटी तिच्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते. "ताई," ती म्हणाली, "माझं बरं झालेलं तुला एवढं खुपलं?"

...बस. त्या एका वाक्यानं थोरलीच्या अंतःकरणाचं जे व्हायचं ते झालं. खरं बोलायला अजून वेळ गेली नव्हती. पण आईनं अजूनही टेबलाची कड सोडली नव्हती. थोरलीनं उसवलेल्या पलंगपोसाची घडी घालायला घेतली, तर दुकानवालीनं तो तिच्या हातून काढून घेतला. "राहू दे. आता ह्याला तुझा हात नको."

लग्न झालं. थोरली मागच्या ओळीत बसून होती. धाकटी निघताना आईच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडली, आणि ताईला लांबूनच नमस्कार करून गेली.

त्यानंतर थोरलीनं क्रोशाची सुई पेटीत टाकली. इस्पितळाच्या कपडेखोलीत तिला काम मिळालं. फाटलेल्या चादरी शिवायच्या, डॉक्टरांच्या कोटांची बटणं लावायची, उशांच्या खोळींना ठिगळं द्यायची. खोली तळघरात होती, एक उंच खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. तेवीस वर्षं तिनं त्या पायांकडे बघत शिवण केली. आई नऊ वर्षांनी गेली. तिच्या शेवटच्या दिवशी दोघी बहिणी एका खोलीत होत्या, एकीनं पाणी दिलं, दुसरीनं पेला धरला, आणि एकमेकींशी त्या औषधांच्या वेळांपलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. आईला जाताना तेवढंच बघायला मिळालं.

तेविसाव्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, थोरलीच्या दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची, उंच, आणि मान वाकडी करून बघायची तऱ्हा अशी की थोरलीच्या काळजात कळ आली. भाचीला तिनं आईच्या वेळी सहा-सात वर्षांची पाहिली होती.

"मावशी, आईनं हे दिलंय." भाचीनं कापडाचं गाठोडं पुढे केलं. "म्हणाली, तुझ्या मावशीला म्हणावं, एवढं पुरं करून दे."

तेवीस वर्षांत निरोप नाही, चिठ्ठी नाही, आणि आता काम. थोरलीच्या मनात साचलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "माझा हात वाईट आहे. लोकांच्या सुखाला नख लावतो."

"मावशी, एकदा उघडून तर बघ."

"तिला दुकानात माणसं मिळतात की. मी सरकारी चादरी शिवते, माझं बरं चाललंय."

गाठोडं भाचीनं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि निघाली. जिन्यावरून वळून म्हणाली, "मला शपथ घातलीय, नाहीतर बोलले असते." थोरलीनं दार लावून घेतलं. गाठोडं तिनं कपाटावर टाकलं आणि त्यावर जुनी सूटकेस ठेवली.

चार महिने ते तिथंच राहिलं.

कपडेखोलीत तिच्याबरोबर काम करणारी एक बाई होती, घड्या मोजायचं काम करायची म्हणून तिला सगळे घडीवाली म्हणत. जिभेला हाड नसलेली, पण जीव लावणारी. एका रविवारी थोरलीची इस्त्री बिघडली म्हणून ती स्वतःची घेऊन आली. चहा पिता पिता तिची नजर वर गेली.

"कपाटावर काय गं ते? बाँब आहे का?"

"बहिणीनं पाठवलंय."

"मग बाँबच. कधी पाठवलं?"

"झाले चार महिने."

"आणि तू बघितलं नाहीस? अगं बाई, माझ्या बहिणीनं दगड पाठवला असता तर मी तोसुद्धा उलटून बघितला असता, खाली काय लिहिलंय ते." ती स्टुलावर चढलीच. "शिव्या द्यायच्या तर त्यासुद्धा बघून द्याव्यात. न बघता दिलेली शिवी वाया जाते."

गाठोडं टेबलावर आलं. गाठ घडीवालीनंच सोडली.

आत चौकोन होते. पांढऱ्या सुती दोऱ्याचे, तोच नमुना, मध्ये आठ खांबांचा, म्हणजे उभ्या टाक्यांचा गोल, भोवती साखळ्यांच्या कमानी. वीस-वीसच्या गड्ड्या दोऱ्यानं बांधलेल्या. थोरलीनं पहिला चौकोन उचलला आणि तिचा हात तसाच राहिला.

टोकं लांब होती. चार बोटं नव्हेत, चांगली वीतभर. दोन्ही टोकं कात्रीनं सरळ कापलेली. दुसरा चौकोन... तसाच. तिसरा, दहावा, चाळिसावा, एकूणएक चौकोनाला दोन बाजूंनी वीत-वीतभर दोरा लोंबत होता. पत्र कुठंही नव्हतं. पण ते वाचायला थोरलीला पत्र लागत नव्हतं. धाकटीला कळलं होतं! तेवीस वर्षांपूर्वी दोरा कुणी आखूड सोडला ते तिला कळलं होतं, आणि तिला तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून तिनं हे असं सांगितलं होतं, टोकाटोकाला, शेकडो वेळा.

"रडतेस काय?" घडीवाली म्हणाली. "चांगलंय की विणकाम."

थोरली खालच्या गड्ड्यांपर्यंत पोचली होती, आणि तिचं रडणं थांबलं होतं. कपाळावर आठी आली. पहिल्या गड्ड्यांचे टाके एकसारखे, घट्ट, धाकटीच्या हातचे. पाचव्या गड्डीपासून ते सैल पडायला लागले होते. सातवीत कुठं सात खांब, कुठं नऊ. उसवून पुन्हा विणलेल्याच्या खुणा. नवव्या गड्डीचे चौकोन तर शिकाऊ पोरीनं विणावेत तसे होते, एक बाजू मोठी, एक लहान, आणि तरीही टोकं मात्र प्रत्येकाला वीतभर. सगळ्यात खाली एक चौकोन अर्धाच होता. त्याच्या गोलापाशी दोरा सोडून दिलेला होता, कापलासुद्धा नव्हता.

धाकटीचा हात असा विणत नाही. धाकटीच्या हातात जीव असता तर असा विणला नसता.

"इस्त्री बंद कर," थोरली म्हणाली, आणि पायात चपला सरकवून तशीच निघाली.

दुकानाच्या मागे एक बोळ होता आणि बोळातून तीन पायऱ्या चढून घर. भाचीनं दार उघडलं. थोरलीला पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग वेडावाकडा झाला. "एवढा उशीर का केलास गं मावशी?" एवढंच ती म्हणाली.

आतल्या खोलीत खिडकीखाली पलंग होता. त्यावर धाकटी होती. म्हणजे थोरलीला ती धाकटी आहे असं धरून चालावं लागलं. आजार हाडांत उतरला होता. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळू नये इतकं तिचं शरीर राहिलं होतं. डोळे तेवढे तेच.

धाकटी म्हणाली, "टोकं बघितलीस?"

"बघितली." थोरली पलंगाच्या कडेला टेकली. तिला हुंदका आवरेना, म्हणून ती रागावली. "वीतभर कशाला? दोरा काय फुकट येतो?"

धाकटी हसली. हसताना तिला धाप लागली. "चार बोटं लावायची तर माझी बोटं आता बारीक झालीत, ताई. म्हटलं, पुन्हा कमी पडायला नको."

मग तिनं थांबत थांबत सांगितलं. सहा वर्षांपूर्वी भाचीला नमुने दाखवायला म्हणून तिनं सासूची जुनी पेटी उघडली तर तळाशी तो पलंगपोस निघाला. भाचीनंच तो खिडकीत धरला आणि म्हणाली, आई, हे सगळे चौकोन फाटले आणि हे शंभर धडधाकट कसे? पहिल्या लडीचे एकूणएक शाबूत, दुसऱ्या लडीचे उसवलेले. फिनिशिंग दोन्हींचं एकाच हाताचं. "आणि ती पोर म्हणते, टोकं तर चावल्यासारखी दिसतात, तू तोडतेस तशी. मी खालीच बसले, ताई. सहा वर्षं झाली. रोज ठरवायची, उद्या जाईन. काय तोंड घेऊन जाणार होते? मग हे दुखणं आलं. तेव्हा म्हटलं, विणून पाठवावं. तू उघडशील आणि येशील."

सहा वर्षं एकीची आणि चार महिने दुसरीचे. पण ते चार महिने थोरलीच्या छातीवर सूटकेससारखे बसले. चार महिन्यांपूर्वी ही बाई उठून बसत असेल... दोघी जिन्यात, बोळात, कुठंतरी चार पावलं चालल्या असत्या.

"त्या दिवशी तू का नाही बोललीस?" धाकटीनं विचारलं.

"तुझं लग्न मोडलं असतं."

"मोडू द्यायचं होतंस."

थोरली पांघरुणाची कड सारखी करू लागली.

"मोडू द्यायचं होतंस, ताई. मला विचारायचं तरी." धाकटीच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी इथं सून म्हणून आलेच नाही. मी हात म्हणून आले. सकाळी सातला त्या मागच्या खोलीत बसायची, दिवा लागेपर्यंत. ह्यांनी आईच्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. माझं मूल सोडलं तर ह्या घरात माझं म्हणावं असं काही झालं नाही. आणि वर तूही नाहीस. तू सगळं दिलंस माझ्यासाठी, आणि मला हवं होतं ते तेवढं काढून घेतलंस."

थोरलीनं आपल्या तेवीस वर्षांकडे आजवर एका दृष्टीनं पाहिलं होतं: मी सोसलं, पण तिचं झालं. त्या आधारावर ती तळघरात दिवस काढू शकली होती. तो आधार आता निघाला आणि खाली काही नव्हतं. ती नुसती धाकटीचा हात धरून बसली. हात कसला, दोऱ्याची लडी भिजवून पिळावी तसा.

दुसऱ्या दिवसापासून थोरली रजा काढून तिथंच राहिली. फळी आली, टाचण्या आल्या, पाण्याचं तसराळं आलं. पलंगाशेजारी बसून ती एकेक चौकोन पुरा करू लागली. तिला आता सुई ओवता येत नव्हती, डोळे अधू झाले होते, तर भाची दहा सुया ओवून ठेवायची. वाकडे चौकोन ओले करून ती हलक्या हातानं ताणायची आणि आश्चर्य असं की ते मापात यायचे. जिथं अगदीच कमी असेल तिथं ती कडेनं मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या टाक्यांची एक ओळ घालून घ्यायची. टोक पुढे, मागे, पुन्हा पुढे. धाकटी पडल्या पडल्या बघत असायची.

"अजून तशीच जीभ बाहेर काढतेस."

"आणि तू अजून तशीच कामं दुसऱ्यावर टाकतेस."

"मग? धाकटी आहे मी."

पाचव्या की सहाव्या दिवशी दुकानवाली काठी टेकत खोलीत आली. आता ऐंशीच्या घरात होती, दात गेलेले, पण नजर तीच. तिनं फळीवरचा एक पुरा झालेला चौकोन उचलला, उलटला, पुन्हा उलटला. मागची बाजू कुठली ते तिला सापडेना.

"सासूबाई," धाकटी म्हणाली. उशीवरून डोकं उचलायला तिनं बरेच कष्ट घेतले. "मला एक सांगायचंय. त्या वेळी ती टोकं ताईनं नव्हती कापली. मी आखूड सोडली होती. मी."

दुकानवालीनं चौकोन फळीवर ठेवला. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

म्हातारीनं काठी दोन्ही हातांत धरली.

"जन्म दोऱ्यात गेला माझा. दातानं तोडलेला दोरा आणि कात्रीनं कापलेला दोरा मला कळणार नाही होय? खिडकीशी नेला तेव्हाच कळलं. आणि तुझी खोड मी आधीपासून बघत होते."

"मग बोलला का नाहीत?" हे थोरलीनं विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

"मी थोडा धाक घालायला आले होते, बाई. लग्न मोडायला नव्हे. असा हात मी सोडला असता का?" म्हातारी थोडा वेळ काठीच्या मुठीकडे बघत राहिली. "तू आपणहून मान पुढे केलीस. मला वाटलं, बरं झालं. सून एकटी आली की घरात रमते. पाठीशी बहीण असली की उठसूट माहेरी पळते." मग ती हळू म्हणाली, "तेव्हा मला तसं वाटलं," आणि वळून काठी टेकत निघून गेली.

थोरली ओरडली नाही, उठली नाही. तिनं जो चौकोन हातात होता त्याचं टोक पुढे नेलं, मागे आणलं आणि पुन्हा पुढे नेलं. तिला मान पुढे करायची गरजच नव्हती. एवढंच तिच्या मनात फिरत होतं, पुन्हा पुन्हा, भोवऱ्याच्या गरक्यासारखं, गरजच नव्हती. धाकटी पलंगावरून हात लांब करून तिच्या पदराचं टोक शोधत होती. ते सापडल्यावर तिनं ते मुठीत धरलं, आणि पुढचे सगळे दिवस झोपेतसुद्धा सोडलं नाही.

पलंगपोस जून महिन्यात पुरा झाला. अर्धा राहिलेला चौकोन थोरलीनं स्वतः विणला नाही, भाचीकडून विणून घेतला, आणि दोरा कापायच्या वेळी तिची चार बोटं स्वतःच्या हातानं दोऱ्यावर आडवी ठेवली. मग सगळा जोडून तो कोमट पाण्यातून काढला, पिळला नाही, जाड चादरीत गुंडाळून दाबला आणि गच्चीत पसरला. दुपारी भाचीनं तो पालथा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. एकशे ब्याण्णव चौकोनांत एक टोक सुटलं नव्हतं.

"मावशी, ह्याची उलटी बाजू कुठली गं?"

"नाही त्याला," थोरली म्हणाली, आणि बोलता बोलता सवयीनं तिनं मान वळवली, कुणाला तरी बघ म्हणायला. मग ती वाळणाऱ्या पलंगपोसाशेजारी, तापलेल्या फरशीवरच बसून राहिली.

धाकटी मार्चच्या नऊ तारखेलाच गेली होती. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. तिला पंचेचाळीस वर्षं पुरी झाली होती. तेव्हा एकशे चार चौकोन पुरे झाले होते.